महामार्गाचा कुठला तुकडा प्रवाशांच्या सगळ्यात कमी कामाचा?

प्रश्न असा आला आहे: महाराष्ट्रातल्या महामार्गांचे कुठले टप्पे प्रवाशांच्या दृष्टीने सगळ्यात कमी महत्त्वाचे आहेत? म्हणजे उद्या ते बंद पडले तरी कुणाचं फारसं अडणार नाही, असे टप्पे कुठले?

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. ज्या तुकड्याला खेटून त्याच्यापेक्षा चांगला दुसरा रस्ता आहे आणि ज्याच्यावर कुणाचा प्रवास सुरू होत नाही की संपत नाही, तो तुकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. माझ्या हिशेबात पहिला नंबर लागतो मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडीच्या जुन्या घाटाचा. दुसरा झारापहून सावंतवाडीमार्गे बांद्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्याचा, पण तो फक्त थेट गोव्याला जाणाऱ्यांपुरता. तिसरं नाव घेताना मी अडखळतो. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मी रस्ते बांधले नाहीत, रस्त्यावरची वाहनं मोजली. तीसेक वर्षं हाच धंदा. नवा रस्ता काढायचा, जुना रुंद करायचा किंवा टोल बसवायचा, तर आधी तिथून किती आणि कसली वाहनं जातात ते कुणीतरी मोजावं लागतं. आता कॅमेरे आहेत, तारा आहेत. आमच्या वेळी रस्त्याकडेला ताडपत्री, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टॉर्च आणि मांडीवर तक्ता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सलग ७ दिवस, २४ तास, तीन पाळ्यांत. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा ट्रक एकामागे एक येतात आणि पोरांचे डोळे मिटतात. सकाळी तक्त्यावर नजर टाकली की कुठल्या तासाला कोण झोपलं होतं ते मला रेघांवरून कळायचं. रेघा एकदम सरळ आणि सुबक दिसल्या की समजायचं, या मागाहून ओढल्यात.

ही वाहनं नुसती बेरजेने मोजत नाहीत. प्रत्येकाला भार असतो. मोटार १ धरली तर मोटारसायकल अर्धी, एसटी किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी ८. नवीन माणूस इथे हसतो. पण ताशी तीन-चार किलोमीटरने चालणारी गाडी मागच्यांना जेवढा वेळ अडवते, त्या मानाने आठ हा आकडा मुळीच जास्त नाही. नोकरीच्या पहिल्याच हंगामात मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका रस्त्याचा आकडा काढला आणि तो मागच्या वर्षीच्या दीडपट निघाला. छाती फुगवून साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. विचारलं, ‘साखर कारखाना किती लांब आहे?’ गाळप चालू होतं. माझी निम्मी वाढ उसाच्या गाड्यांची होती.

सांगायचा मुद्दा, ‘या रस्त्यावर वाहनं कमी, म्हणून तो कमी महत्त्वाचा’ हे पहिलं उत्तर सुचतं आणि तेच सगळ्यात फसवं असतं. १५ हजारांचा आकडा पुण्याहून बेळगावला जाणाऱ्यांचा असू शकतो, तसाच एका गावातून शेजारच्या गावात दिवसाला चार फेऱ्या मारणाऱ्यांचाही. हे वेगळं काढायला दुसरी पाहणी करतात. पोलीस गाडी थांबवतो, आमचा पोरगा खिडकीशी जाऊन विचारतो, कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी, महिन्यातून किती वेळा. लोक वैतागतात, पण सांगतात.

अशीच एक पाहणी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर चालली होती, वाठारच्या आसपास. दुपारची वेळ. एक म्हातारे गृहस्थ लूनावर वैरणीचा भारा बांधून आले. भारा एवढा मोठा की मागून लूना दिसतच नव्हती. आमच्या पोराने विचारलं, कुठनं आलासा?

‘हितनं.’

आणि कुठं निघालासा?

त्यांनी दुभाजकातल्या फटीकडे हनुवटी केली. ‘तिथं.’

पोरगा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. सर, काय लिहू? मी म्हटलं, दोन्हीकडे गावाचं नाव लिही. शेत रस्त्याच्या या अंगाला, गोठा त्या अंगाला. त्यांचा महामार्गावरचा प्रवास दोनशे-तीनशे मीटरचा, पण दिवसातून दोनदा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. तक्ता तयार होताना अशा नोंदींचं काय होतं माहीत आहे? उभ्या ओळीत निघण्याची ठिकाणं, आडव्या ओळीत पोचण्याची. निघणं आणि पोचणं एकाच विभागात असेल तर ती नोंद तक्त्याच्या कर्णावर जाते. आणि लांबच्या वाहतुकीचा हिशेब करताना कर्ण आम्ही गाळतो. त्यात चूक काही नाही, रीतच तशी आहे. फक्त ‘प्रवाशांना कुठला टप्पा महत्त्वाचा’ असं विचारलं की आधी ‘कुठल्या प्रवाशांना’ हे विचारावं लागतं, एवढं तेव्हापासून डोक्यात बसलं.

आता दुसरा फसवा निकष. कंटाळवाणा रस्ता. गोव्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, वाटेतला कुठला भाग नसता तरी चाललं असतं? हमखास उत्तर येतं, कराडच्या पुढे कोल्हापूरपर्यंतचा. आहे काय त्यात? ऊस, ढाबे, पुन्हा ऊस. घाट नाही, वळण नाही, फोटो काढावा असं काही नाही. त्यातही कोल्हापूरच्या तोंडाशी शिरोलीचा भाग तर लोकांना आठवतच नाही, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष तांबड्या-पांढऱ्याकडे लागलेलं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी याच शिरोलीजवळ, सांगली फाट्याच्या परिसरात, महामार्गावर चढलं. मुंबई-बेंगळुरू मार्ग आठवडाभराच्या आसपास तिथे तुटला. दोन्ही बाजूंना हजारो ट्रक उभे. कोल्हापुरात पेट्रोल नाही, भाजी नाही; मुंबई-पुण्यात कोल्हापूरकडचं दूध नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, थोडे कमी दिवस. रस्ता पाण्याखाली गेला होता तो जेमतेम काही शे मीटर. सहाशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात ज्याची कुणी दखल घेत नाही, तो तुकडा.

शिरोलीला पर्याय नाही असं नकाशा म्हणत नाही. सांगलीकडून आहे, इचलकरंजीकडून आहे, वारणेच्या खोऱ्यातून आहे. कोरड्या दिवसात मी स्वतः त्या सगळ्या रस्त्यांनी गेलो आहे. पण कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या तिन्हींना एकाच पावसाने पूर येतो. ज्या दिवशी महामार्ग बुडतो त्याच दिवशी त्याचे पर्यायही बुडलेले असतात. कागदावर तीन वाटा आणि प्रत्यक्षात एकही नाही. म्हणून एखाद्या टप्प्याला बिनमहत्त्वाचा ठरवताना मी पर्याय मोजत बसत नाही. मुख्य रस्ता ज्या कारणाने बंद पडतो, त्याच कारणाने पर्यायही बंद पडतो का, ते आधी बघतो. निम्म्या जागी उत्तर ‘हो’ येतं.

बोरघाटाचं वेगळं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. शेजारी जुना चौपदरी रस्ता आहेच. म्हणजे जुळे रस्ते, एक बंद पडला तर दुसरा तयार. पण आडोशी बोगद्याच्या आसपासपासून खंडाळ्याच्या एक्झिटपर्यंत दोन्ही रस्ते एकाच सहापदरी वाटेने चढतात. सहा पदर अधिक चार पदर, दहाची वाहतूक सहात. शनिवारी सकाळी तिथे तासन्‌तास अडकलेला माणूस ‘जुन्या रस्त्याने गेलो असतो तर’ म्हणतो, तेव्हा त्याला सांगायचं जिवावर येतं की बाबा, तुझा जुना रस्तापण हाच आहे. खोपोली ते कुसगाव ही १३.३ किलोमीटरची मिसिंग लिंक आखली गेली ती ही गाठ सोडवायला. लोक त्यात वाचणारे सहाएक किलोमीटर बघतात. माझ्यासारख्याला जास्त आनंद याचा की तिच्यामुळे घाटाला दुसरी वाट मिळते.

(याच घाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत पाडला. १८३०चं बांधकाम. त्याच्या कमानीत वाहतूक कोंडायची, त्यामुळे पाडणं बरोबरच होतं. तरी त्या दिवशी फोनवर फोटो आले तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन तास कुणी काही लिहिलं नाही.)

आता कशेडी. पोलादपूर सोडून खेडकडे जाताना हा घाट लागतो, रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवर. वर्षानुवर्षं मुंबईच्या चाकरमान्यांनी या घाटात रात्री काढल्या आहेत. एक ट्रक आडवा झाला की गणपती बाप्पाच्या आधी घरी पोचण्याची आशा सोडायची. मग डोंगराच्या पोटातून प्रत्येकी सुमारे २ किलोमीटरचे जुळे बोगदे काढले. २०२३च्या गणपतीत त्यातल्या एकातून हलकी वाहनं सोडली, पुढे दुसराही वापरात आला. पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. बोगदे चालू असताना मुंबईहून चिपळूणला जाणाऱ्या माणसाने जुन्या घाटात शिरायचं काहीच कारण उरलं नाही.

मध्यंतरी मुद्दाम त्या घाटाने गेलो. मोजायला नव्हे, सहज. पाऊस नुकता उघडला होता. कठड्याच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर शेवाळ चढलेलं. डांबराच्या कडेने गवत आत येऊ लागलंय, अजून वितभरच, पण येऊ लागलंय. एका वळणावर टपरीचा नुसता सांगाडा, त्यावर ‘गरमागरम वडा’ची अर्धी पाटी. वीस मिनिटांत समोरून मोजून चार वाहनं आली: दोन मोटारसायकली, एक दुधाची गाडी, एक सहा आसनी. सवयीने मनात रेघा ओढल्या. पाचवी आडवी रेघ ओढायची वेळच आली नाही.

पण त्या चारांतलं प्रत्येक वाहन घाटातल्या कुठल्या ना कुठल्या वाडीचं होतं. त्यांच्यासाठी बोगदा डोंगराच्या आतून निघून गेला आहे. त्यांचा रस्ता अजून हाच. म्हणजे माझ्या पहिल्या नंबरच्या उमेदवाराचीही दुसरी अट पुरती पाळली जात नाही. शिवाय गळती, दुरुस्ती, वीज, कुठल्याही कारणाने बोगदा बंद ठेवला की सगळी वाहतूक परत याच घाटात येते. असं झालेलंही आहे. तरी ३६५ दिवसांचा हिशेब धरला तर लांबच्या प्रवाशासाठी याहून कमी कामाचा तुकडा मला महाराष्ट्रात दाखवता येत नाही.

सावंतवाडीची गोष्ट याच्या उलट्या अंगाने जाते. पूर्वी महामार्ग झारापहून आकेरी, सावंतवाडी, इन्सुली करत बांद्याला जायचा. मग झाराप ते पत्रादेवी असा चौपदरी रस्ता झाला आणि शहर बाजूला राहिलं. सावंतवाडीकरांच्या मनात ते अजून सलतं, आणि का सलू नये? पूर्वी गोव्याला निघालेली गाडी मोती तलावाला वळसा घालूनच जायची. मुलं लाकडी खेळण्यांसाठी हट्ट करायची, मोठी माणसं चहाला उतरायची. आता तीच गाडी ताशी ऐंशीने बाहेरून निघून जाते. मुंबई-गोवा प्रवाशाच्या लेखी जुन्या रस्त्याचं महत्त्व शून्य. पण आंबोलीहून उतरणाऱ्यांना आणि आसपासच्या गावांतून शहरातल्या दवाखान्याला, कॉलेजला, कचेरीत येणाऱ्यांना तोच मुख्य रस्ता. एकच डांबर, दोन हिशेब. म्हणून दुसऱ्या नंबरला मी वर अट घातली.

तिसरा उमेदवार म्हणून लोक बहुधा जुना नागपूर रस्ता सुचवतात, म्हणजे मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा जाणारा. समृद्धी झाली, मग तो कशाला? समृद्धी ७०१ किलोमीटरची. पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे जून २०२५ मध्ये. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्याने जुना रस्ता सोडला हे खरंच आहे. ढाबेवाल्यांनी ते आमच्या आधी ओळखलं. पण समृद्धीवर चढायच्या-उतरायच्या जागा २४. ७०१ भागिले २४, म्हणजे सरासरी २९ किलोमीटरला एक. दोन जागांच्या मधल्या गावाला तो रस्ता दिसतो, ऐकू येतो, पण वापरता येत नाही. मोटारसायकलला तर तिथे मनाईच आहे. गावाकडच्या घरात वाहन म्हणजे मोटारसायकल. त्यामुळे जुन्या रस्त्यावरची लांबची वाहतूक गेली तरी त्याच्यावर निघणारे-पोचणारे सगळे शाबूत आहेत. दुसऱ्या अटीवर हा रस्ता सरळ नापास होतो.

आणि सिंदखेडराजाला १२ जानेवारी असते. जिजाऊंच्या जन्मस्थानी त्या दिवशी जेवढी माणसं येतात, ती वर्षाच्या सरासरीत कुठे दिसत नाहीत. नियमच असा आहे की जत्रा, उरूस, प्रदर्शन असलं काही चालू असेल तर वाहनगणना पुढे ढकलायची, नेहमीची स्थिती आल्यावर मोजायची. वर्षातून दोनदा: एकदा सुगीत, माल बाजारात जायच्या दिवसांत, आणि एकदा मंदीत. नियम योग्यच आहे, नाहीतर जत्रेच्या गर्दीवर सहापदरी रस्ते मंजूर झाले असते. पण त्यामुळे कोकणातल्या रस्त्याच्या हिशेबात गणपती कधी येत नाही, आणि दिवेघाटाच्या हिशेबात माउलींची पालखी येत नाही. कोकणातल्या एका मोजणीवर स्थानिक माणसाने मला विचारलं होतं, ‘गणपतीत का नाही मोजत? आमचा रस्ता तेव्हाच तर रस्ता असतो.’ मी नियम सांगितला. त्यांनी ‘बरं’ म्हणून चहा दिला. पटलेलं नव्हतं ते दिसत होतं.

कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या घाटांकडे बघितलं तर अजून एक गंमत दिसते. आंबा, अणस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. इतके घाट आहेत की कुठलाही एक काढून टाकला तरी चालेल असं वाटतं, आणि सुटा बघितला तर भुईबावडा खरंच कमी वापरातला. २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी करूळ घाट बंद झाला आणि गगनबावड्याची वाहतूक भुईबावड्यावर आणि फोंड्यावर वळली. वर्षभर भुईबावडा एकदम महत्त्वाचा. करूळ उघडल्यावर परत पहिल्यासारखा. त्याच्यात स्वतःत काही बदललं नव्हतं, शेजारी बदलला होता. घाटांची यादी करून एकेकाला गुण द्यायला बसलात तर हे निसटतं. जोडी-जोडीने बघावं लागतं. दोन्ही एकदम बंद पडले तर काय, असं विचारलं की यादीतला शेवटचा घाट वर सरकतो.

क्रमांकावरून तर काहीच ठरवू नका. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. चारचा ४८ झाला, सतराचा ६६ झाला. ट्रकवाले अजून ‘सतरा नंबर’च म्हणतात. या नव्या यादीत आपल्याकडे ५४८ क्रमांकाचा एक महामार्ग आहे. लांबी ५ किलोमीटर, कळंबोलीजवळ. देशातल्या सर्वांत आखूड राष्ट्रीय महामार्गांपैकी एक. त्याच्यावरून गेलेल्या शंभर जणांना विचारा, नव्याण्णव म्हणतील असा रस्ता नाहीच. मोटारीतल्या प्रवाशाच्या दृष्टीने तो एक चौक आहे, ट्रॅफिकमुळे डोकं उठवणारा. पण न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरवाल्याला विचारा. तुमच्या घरातला टीव्ही, शेजाऱ्याच्या गाडीचे सुटे भाग, नाशिकहून परदेशात जाणारी द्राक्षं यातलं बरंच काही त्या भागातून सरकतं. प्रवाशांना क्षुल्लक आणि मालाला अनमोल, असा एवढा स्पष्ट तुकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

परदेशातली उदाहरणं थोडक्यात सांगतो, कारण तिथे काही ठिकाणी प्रत्यक्ष रस्ता काढून बघितला गेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यालगतचा एम्बार्कडेरो हा दुमजली महामार्ग १९८९च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये पाडला. शहर चालूच राहिलं. सोलमध्ये चंगेचॉन ओढ्यावरचा उन्नत रस्ता, रोज लाखाहून जास्त वाहनांचा, २००३ पासून पाडत नेला आणि २००५ मध्ये ओढा लोकांना मोकळा करून दिला. होणार होणार म्हणत होते तो हाहाकार झाला नाही. काही लोकांनी वाट बदलली, काहींनी वेळ, काही बसने जाऊ लागले. इतकंच काय, एखादा रस्ता वाढवल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्येच मांडलं होतं. आणि अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये तर २१ किलोमीटरचा अख्खा इंटरस्टेट, क्रमांक १८०, हेनेपिन गावच्या एका पोलाद कारखान्यासाठी बांधला गेला. पुढे कारखाना बंद पडला. चार पदरी रस्ता तसाच आहे, वाहनं नावाला. तुमच्या प्रश्नाचं निखळ उत्तर हवं असेल तर ते इलिनॉयला आहे. आपल्याकडे एवढा रिकामा महामार्ग मिळत नाही. चार पदर मोकळे दिसले की आपण त्यावर मिरच्या तरी वाळत घालतो.

एक गोष्ट मात्र या यादीच्या आधारे कुणी करू नये, आणि माझ्या समोर ती झालेली आहे. एका बैठकीत आमचाच तक्ता दाखवून एक साहेब म्हणाले, हा पूल कमी महत्त्वाच्या गटात आहे, शेजारी दुसरा आहे, तपासणी पुढच्या वर्षी घेऊ. मी म्हटलं, साहेब, हा तक्ता पूल पडल्यावर वाहतुकीचं काय होईल ते सांगतो. पुलावर त्या क्षणी असलेल्यांचं काय होईल ते त्यात नाही. महाडला सावित्रीवर हेच होतं. जुना ब्रिटिशकालीन दगडी पूल आणि शेजारी नवा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात जुना पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं त्यासोबत गेली. वाहतूक शेजारच्या पुलावरून परत चालू झाली. आमच्या हिशेबात जाळ्याचं नुकसान जवळपास शून्य येईल. त्या जागी १६५ दिवसांत नवा पूल उभा केला, जून २०१७ मध्ये तो खुला झाला.

आता मी मोजणीला जात नाही. फास्टॅग २०२१च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला आणि आमचं अर्धं काम त्या काचेवरच्या चिकटपट्टीने घेतलं. कुठली गाडी कुठल्या नाक्यावर किती वाजता, पुढच्या नाक्यावर किती वाजता, सगळं आपोआप. मध्यंतरी एक तरुण इंजिनिअर मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली होती. पुणे-कोल्हापूर रस्त्याचा नकाशा, वाहतूक जास्त तिथे लाल जाड रेघ, कमी तिथे पिवळी बारीक. सुंदर काम केलं होतं. मी पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. मग तिला वाठारजवळचा भाग मोठा करायला सांगितला.

‘इथे काय आहे, काका?’

तिथे काहीच नव्हतं. दोन नाक्यांच्या मधला सरळ तुकडा, एकाच रंगाचा. दुचाकीला टोल नसतो आणि लूनाला फास्टॅग नसतो. तिला वैरणीच्या भाऱ्याची गोष्ट सांगितली. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, ‘मग त्यांचं पुढे काय झालं? आता तर तिथे दुभाजक सलग आहे.’

भुयारी मार्गाने जावं लागत असेल. पुढे जाऊन, वळून, परत. दोन-तीन किलोमीटर सहज.